मदत हवी आहे: अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’चं रसग्रहण

बारावीच्या मुलांसाठी टिपण करतोय, दोन जागी अडलंय.

पहिली अलंकाराची. मलबार हिलला ‘इंद्रपुरी’ म्हटलंय, तिथली वस्ती कुबेरांची. मुलं सरळ ‘रूपक’ लिहून मोकळी होतात. पण पुढे परळ, म्हणजे तेव्हाची गिरणी कामगारांची वस्ती, येतं आणि ती स्तुती उलटते. ‘सुख भोगती’च्या जागी त्याच चालीत ‘घाम गाळती’ बसतं. ‘राहणारे’ला यमक जुळतं ते ‘राबणारे’चं. सगळी टीका या दोन यमकांत आहे, वेगळं भाष्य कवी करतच नाही. मग रूपक आधी सांगून उपरोधाकडे यावं, की थेट व्याजस्तुती (वरून स्तुती, आतून निंदा) म्हणावं? माझा कल पहिल्याकडे.

दुसरी जागा जास्त अवघड. आजच्या मुलांचं परळ म्हणजे काचेचे टॉवर आणि मॉल, त्यामुळे विरोधच पोचत नाही. म्हणून तळटीप लागणार: १९८२चा गिरणी संप, मग मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ (गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे: मोकळी जागा, म्हाडा, मालक) आणि २००१चा बदल, ज्याने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. पण एवढं आशयसौंदर्यात (रसग्रहणातल्या कवितेच्या आशयावरच्या भागात) घुसवलं की रसग्रहणाचा इतिहासाचा पेपर होतो. चार गुणांच्या उत्तरात याला किती ओळी द्याव्यात? की वर्गात तोंडीच सांगावं?

आणि हो, डफ-तुणतुण्यावर गायलेलं नीट ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर कळवा. नुसतं वाचून ठेका कानाला लागत नाही.