आधीच भरलेला फॉर्म आणि उरलेले काम
आयकर विवरणपत्रात माहिती आधीच भरून येते, त्यामुळे करसल्लागाराला आता काम उरलेले नाही, हे मत मला पटत नाही. फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, नोकरी देणाऱ्याने देण्याची मुदत १५ जून आणि पगारदारांसाठी विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै. म्हणजे हाती जेमतेम दीड महिना असतो, आणि निम्मे अशील शेवटच्या आठवड्यात येतात.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका पिशवीभर ठेवपावत्या घेऊन आल्या. व्याज मुदतपूर्तीलाच मिळते, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. बँक मात्र दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर करकपात करत होती. २६एएस (नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहितीपत्रक (आयकर खात्याकडची उत्पन्न-व्यवहारांची नोंद) यांच्याशी एकेक पावती ताडून पाहण्यात माझी संपूर्ण दुपार गेली, आणि ती सत्कारणी लागली असे मला मनापासून वाटते, कारण त्यांचा कापला गेलेला कर परत मिळाला. असा मेळ यंत्र घालत नाही.

पुढे भरलेल्या विवरणपत्राची पडताळणी उरतेच. ती विवरणपत्र भरल्यापासून तीस दिवसांत करावी लागते, आणि तिचा ओटीपी ज्यावर येणार होता तो बाईंच्या आधारला जोडलेला मोबाइल परगावी असलेल्या मुलाकडे होता. रात्री अकराला तो कामावरून सुटल्यावर ओटीपी मिळाला.