शब्दचर्चा : ओम्निबस

खिडकीची जागा : जुन्या इंग्रजी कथांत घोडे जुंपलेली 'ओम्निबस' येते. एकाच लेखकाच्या कथांच्या जाडजूड संग्रहालाही ओम्निबसच म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय? हे नाम आहे की विशेषण?

विभक्तीवाला : विशेषण. 'ओम्निस' म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. तिन्ही लिंगांत हेच रूप. शाळेत 'रामाय रामाभ्याम् रामेभ्यः' घोकलं असेल तर 'सर्वेभ्यः' शेजारी ठेवून बघा. '-भ्यः' आणि '-बुस' हे प्रत्यय भाऊबंद आहेत. गंमत म्हणजे संस्कृतात चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन सारखंच, लॅटिनमध्येही तसंच. त्यामुळे 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांपासून'सुद्धा. त्यातच लॅटिनने तृतीयेची कामंही पंचमीच्याच गळ्यात घातली आहेत, तेव्हा वाक्य पाहूनच अर्थ लावायचा.

खिडकीची जागा : म्हणजे आपण रोज धावत पकडतो ती बस नुसता प्रत्यय?

विभक्तीवाला : नुसता प्रत्यय! पॅरिसमध्ये १८२८ साली आणि लंडनमध्ये १८२९ साली घोड्यांच्या ओम्निबस धावू लागल्या. तिकीट काढेल त्याने बसावं, म्हणून 'सर्वांसाठी'. पुढे लोकांनी शब्द खुडला आणि शेपूट ठेवलं. फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून हे नाव पडलं असं सांगतात, पण ती दंतकथाच धरा.

मागची सीट : मग प्रातिपदिक, म्हणजे प्रत्ययाआधीचा मूळ शब्द, मारुतीच्या ओम्नीला मिळालं आणि प्रत्यय एसटीला. वाटणी बरी झाली.

विभक्तीवाला : 😀 मात्र हा '-बुस' सगळीकडे लागत नाही. 'फिलिउस' (मुलगा) आणि 'फिलिआ' (मुलगी) या दोघांचंही चतुर्थी अनेकवचनाचं नेहमीचं रूप 'फिलिईस'. मुलींनाच द्यायचं आहे हे मृत्युपत्रात कसं कळणार? म्हणून मुलींसाठी खास 'फिलिआबुस' असं रूप वापरत. देवींसाठी 'देआबुस' आलं ते याच अडचणीतून.

खिडकीची जागा : इंग्रजीत अनेकवचन 'ओम्निबाय' करावं का?

विभक्तीवाला : अजिबात नको. शेवटी '-उस' दिसला की '-ई' करायचं, हा नियम प्रथमा एकवचनातल्या काही नामांचा. हे तर आधीच अनेकवचन आहे. इंग्रजीत 'ओम्निबसेस' म्हणावं. मराठीत 'दोन बस गेल्या' पुरे, 'बसेस'ची गरज नाही.