रात्री भिजवून सकाळी बेक करायचा फ्रेंच टोस्ट मधे ओलाच राहतोय, काय चुकतंय?

पहाटवारा
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी घरी आठ माणसं नाश्त्याला आहेत आणि तव्यासमोर उभं राहून एकेक फ्रेंच टोस्ट परतत बसायची माझी अजिबात इच्छा नाहीये, कारण त्यात होतं काय की पहिल्या माणसाचं खाऊन होतं तेव्हा शेवटच्याचं ताटलीत पडत असतं आणि करणारी तोवर उपाशीच. म्हणून ठरवलं की रात्रीच सगळं ट्रेमधे भिजवून फ्रिजमधे ठेवायचं आणि सकाळी नुसतं ओव्हनमधे सरकवायचं.

दोनदा ट्रायल घेतली, दोन्ही वेळा फसलं. साधा पांढरा स्लाइस ब्रेड घेतला, साधारण 400 ग्रॅम, 4 अंडी, 3 कप दूध, अर्धा कप साखर, दालचिनी आणि व्हॅनिला. 9 बाय 13 इंचाचा काचेचा ट्रे. रात्री 10 ला फ्रिजमधे, सकाळी 7 ला ओव्हनमधे 200 डिग्रीवर. अर्ध्या तासात वरून गडद तपकिरी झालं म्हणून खूश होऊन सुरी घातली तर आत दूधच दूध. अजून 15 मिनिटं ठेवलं तर वरचं जळलं आणि तळाशी तरीही लगदा. दुसऱ्या वेळी अडीच कप दूध घेतलं, थोडा फरक पडला पण मधला भाग तसाच. दालचिनीचे पण गोळे होऊन वर तरंगतात, कितीही फेटलं तरी.

टेंपरेचर चुकतंय का ब्रेड चुकतोय? आणि फ्रिजमधला गार काचेचा ट्रे थेट गरम ओव्हनमधे ठेवला तर चालतो का, मला दर वेळी धाकधूक होते.

मंद_आच
दोन्ही चुकतंय, पण सगळ्यात आधी प्रमाण बघा. तुमच्या ट्रेमधे घट्ट धरून ठेवणारी गोष्ट एकच आहे, अंडं. 3 कप दुधाला 4 अंडी म्हणजे त्यांनी किती दूध धरायचं? मी एका अंड्यामागे पाव कप, फार तर एक तृतीयांश कप एवढंच पातळ धरते. 450 ग्रॅम ब्रेडला 8 अंडी, 2 कप दूध आणि अर्धा कप क्रीम, साखर अर्ध्या कपापेक्षा थोडी कमी, आणि पाव चमचा मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोड नुसतं सपाट लागतं. क्रीम नसेल तर अडीच कप फुल फॅट दूध घ्या, चालतं.

आता टेंपरेचर. 200 फार होतं. एवढी जाड गार वस्तू आतपर्यंत तापायला वेळ लागतो आणि तोवर वरची साखर जळून जाते. 175 ते 180 ठेवा. पहिली 30 मिनिटं वर फॉइल झाकायची म्हणजे वरचं रंग न धरता आतलं तापतं, मग फॉइल काढून 15 ते 20 मिनिटं उघडं, तेव्हा वर कुरकुरीत होतं. पूर्ण वेळ झाकून ठेवलं तर आतल्या वाफेने सगळंच मऊ पडतं, ते पण करू नका.

झालं कसं ओळखायचं तर ट्रे हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरला पाहिजे पण लाट यायला नको. सुरी घालून बाजूला दाबलं की पातळ दूध वर येत असेल तर अजून वेळ आहे. किचन थर्मामीटर असेल तर अंड्याच्या पदार्थांना सुरक्षित म्हणून आत 71 डिग्री लागतं, पण दूध आणि साखर असली की अंडं घट्ट व्हायला जास्त उष्णता घेतं, म्हणून मी 77 ते 80 पर्यंत नेते. त्याच्या फार वर मात्र जाऊ नका. अंडं जास्त शिजलं की आकसतं आणि धरलेलं पाणी सोडून देतं, मग बघणाऱ्याला वाटतं अजून कच्चं आहे आणि तो परत ओव्हनमधे ठेवतो. ओलं दिसण्याची ही दोन उलटी कारणं आहेत आणि दोन्हींवरचे उपाय उलटे आहेत, म्हणून थर्मामीटर खरंच घ्या.

जाड_स्लाइस
प्रमाणाचं बरोबर आहे पण मी म्हणेन ब्रेड पहिला. सँडविचचा तो पातळ मऊ ब्रेड आठ तास दुधात राहिला की त्याचं स्वतःचं असं काही उरतच नाही. न कापलेला अख्खा लोफ आणा आणि घरी 2 ते अडीच सेंटिमीटर जाड कापा. ब्रिऑश (फ्रेंच पद्धतीचा मऊ पाव) किंवा हल्ला (ज्यू लोकांचा वेणीसारखा पाव) मिळाला तर उत्तम, त्यात आधीच अंडं असतं (ब्रिऑशमधे भरपूर बटर पण), त्यामुळे चव आणि रंग दोन्ही छान येतात. सावरडो (नैसर्गिक आंबवणाने फुगवलेला ब्रेड) पण चालतो, जाळी जरा चिवट असते म्हणून आकार टिकून राहतो, फक्त खालची कडक साल काढा नाहीतर सकाळी सुरीने कापताना वैताग येतो.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली ती सांगतो. सगळे सांगतात शिळा ब्रेड घ्या, पण शिळा आणि सुका यात फरक आहे. पिशवीत बांधून दोन दिवस ठेवलेला ब्रेड कडक लागतो तो पाणी उडून गेल्यामुळे नाही, त्यातला स्टार्च परत घट्ट रचना धरतो म्हणून, पाणी बरंचसं आतच असतं. तोच ब्रेड गरम केला की परत मऊ होतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्याला इथे दूध शोषायला जागा हवी आहे म्हणजे पाणी खरंच बाहेर गेलं पाहिजे. म्हणून स्लाइस जाळीवर पसरून 150 डिग्रीवर 15 ते 20 मिनिटं, मधे एकदा उलटून. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त हाताला कोरडे लागले पाहिजेत. मग पूर्ण गार करून भिजवा. फ्रेंचमधे या पदार्थाला पाँ पेर्द्यू म्हणतात, म्हणजे हातचा गेलेला पाव, तो सुकून गेलाय हे त्याच्या नावातच आहे.

निवांत_न्याहारी
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. रात्रभर भिजवणं हे जाड सुकवलेल्या ब्रेडसाठी ठीक आहे, त्याच्या मधोमध पोचायला मिश्रणाला तेवढा वेळ लागतो. पण घरात साधा स्लाइस ब्रेडच असेल तर त्याला रात्रभर कशाला छळायचं, तासाभरात तो पूर्ण भिजतो, त्यापुढे नुसता विरघळत जातो. अशा वेळी मी रात्री ब्रेड सुकवून ट्रेमधे रचून ठेवते, अंड्याचं मिश्रण बरणीत वेगळं फ्रिजमधे, आणि सकाळी उठल्या उठल्या बरणी हलवून ओतते, आंघोळ होईपर्यंत भिजून तयार. तेवढंच काम वाचतं.

जाड_स्लाइस
हो हे मान्य, पातळ ब्रेडला तुमची पद्धत जास्त बरी. पण आठ माणसं येणार असतील त्या सकाळी मला ओतायचं काम पण नको वाटतं, म्हणून मी जाड ब्रेडच धरतो.

पहाटवारा
बापरे किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार! म्हणजे मी अंडी निम्मीच घेत होते. ब्रेड जाड आणते आणि सुकवते. काचेच्या ट्रेचं कोणीतरी सांगा ना. आणि आठातल्या एका छोट्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या ट्रेत काही करता येईल का?

मंद_आच
काच थेट गारातून गरमात नकोच. एक बाजू पटकन प्रसरण पावते, दुसरी गारच राहते आणि त्या ताणाने तडा जातो, कधी कधी अख्खा ट्रे फुटतो. ओव्हन लावायच्या अर्धा तास आधी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवा, त्याचा दुसरा फायदा असा की मधला भाग जरा कमी गार असतो आणि सगळीकडे सारखं शिजतं. पण कच्चं अंडं आहे म्हणून दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. बाहेर काढताना पण गरम काच ओल्या ओट्यावर टेकवायची नाही, खाली कोरडं जाड कापड हवं. धातूचा ट्रे असेल तर ही चिंताच नाही, फक्त त्यात लवकर होतं, 10 मिनिटं आधीपासून बघायला लागा.

दालचिनीचं म्हणाल तर ती पाण्याला धरतच नाही, म्हणून वर येते. आधी साखरेत कोरडी कालवा, मग त्यात अंडी फेटा, आणि दूध सगळ्यात शेवटी. तरी थोडी वर येईलच, ओतायच्या आधी परत एकदा ढवळा.

बिनअंड्याचं
छोट्यासाठी मी सांगते, माझ्या मुलाला पण अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे हे मी खूपदा केलंय. अडीच कप दुधाला 2 मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, साखर, व्हॅनिला. महत्त्वाचं हे की ते आधी गॅसवर शिजवून घ्यायचं. लोक कच्चं कॉर्नफ्लोअर दुधात घालून तसंच ओततात, मग रात्रभरात ते तळाशी जाऊन बसतं, आणि त्याला पूर्ण घट्ट व्हायला उकळीच्या जवळची उष्णता लागते जी भरलेल्या ट्रेच्या मधोमध नीट पोचत नाही, म्हणून खाली पिठूळ लागतं. गॅसवर सतत ढवळत एक उकळी काढा, चमच्याच्या पाठीला पातळ थर धरेल इतकंच दाट, त्याहून दाट केलं तर ब्रेडमधे शिरत नाही. पूर्ण गार करून ओता. हे अंड्यासारखं फुगत नाही पण मऊ आणि छान होतं, वरून थोडं बटर लावलं की रंग पण येतो.

आणि कृपा करून त्याच्या ट्रेसाठी ब्रिऑश किंवा हल्ला वापरू नका, दोन्हींत अंडं असतं. साध्या ब्रेडच्या पाकिटावरचं पण वाचून घ्या, काहींवर वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. त्याचं भांडं, चमचा, सुरी वेगळी ठेवा आणि त्याचं आधी करून झाकून ठेवा.

निवांत_न्याहारी
वर क्रम्बल घालणार असाल तर (बटर, मैदा, ब्राउन शुगर, अक्रोड) ते रात्री घालू नका, साखर ओलावा ओढून विरघळते आणि सकाळी वर नुसता चिकट थर मिळतो. डब्यात वेगळं फ्रिजमधे ठेवा, सकाळी फॉइल काढाल तेव्हा पसरा. फ्रोझन बेरी आत घालत असाल तर त्यांचं पाणी सुटतं, तेवढं दूध कमी करा.

पहाटवारा
झालं!! आत्ताच सगळे गेले आणि लगेच लिहायला बसले. ब्रिऑशचा लोफ मिळाला, जाड कापून 150 वर 20 मिनिटं सुकवला, 8 अंडी, 2 कप दूध, अर्धा कप क्रीम. रात्री ओतलं तेव्हा वाटलं की दूध फारच कमी पडलंय, स्लाइसची टोकं कोरडी वर दिसत होती आणि हात शिवशिवत होते अजून अर्धा कप ओतायला, पण नाही ओतलं. दहा मिनिटांनी स्लाइस एकदा उलटवले आणि झाकलं. सकाळी बघते तर ट्रेमधे पातळ असं काही उरलंच नव्हतं, सगळं आत गेलेलं.

30 मिनिटं झाकून आणि 20 उघडं, मधे थर्मामीटर 79. बाहेर काढून 10 मिनिटं तसंच ठेवलं, तेवढ्यात ते वर फुगलेलं खाली बसलं आणि कापताना वड्या नीट सुट्या झाल्या. वर कुरकुरीत, आत मऊ, आणि तळाशी कोरडं! छोट्याचा ट्रे पण मस्त झाला, त्याला सगळ्यांच्या बरोबरीने तोच पदार्थ मिळाला याचा त्याच्या आईला इतका आनंद झाला, बिनअंड्याचं तुमचे खास आभार. आणि मी सगळ्यांबरोबर बसून गरम खाल्लं.

चार वड्या उरल्यात, मायक्रोवेव्हमधे गरम केल्या तर चालतील?

जाड_स्लाइस
वा वा, छानच! मायक्रोवेव्हने वरचं मऊ पडेल. ओव्हनमधे 170 वर 10 मिनिटं ठेवा, किंवा तव्यावर थोड्या बटरवर दोन्ही बाजूंनी. फ्रिजमधे तीन दिवस टिकतात. त्याहून जास्त ठेवायच्या असतील तर गार करून एकेक वडी वेगळी गुंडाळून फ्रीजरमधे टाका.