अनुभव धागा: चौकटी, पल्ले, खिडक्या करायला शिकताना

उंबरा
वखारीवरून जाताना ओल्या सागाचा वास आला आणि शिकाऊपणाचे दिवस आठवले, म्हणून धागा. भाची आयटीआयच्या सुतार ट्रेडला लागलीय (एक वर्षाचा कोर्स), तिला वाचायला देणार आहे. तेव्हा किस्से कमी, कामाचं जास्त.
माझ्याकडून: आधी धार. रंध्याचं पातं २५ अंशांवर घासायचं, शेवटचे चार हात ऑइलस्टोनवर ३० अंशांनी. पात्याची पाठ दगडावर सपाटच टेकवायची. ती जरा उचलली की कड गोल झाली, परत पहिल्यापासून. मग एक तुकडा चारही बाजूंनी गुण्यात (काटकोनात) आणायचा. एक रुंद बाजू आणि तिच्या लगतची एक कड पक्की करून खूण करायची, पुढचं प्रत्येक माप त्या दोघींवरूनच. गेज (कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार) एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने फिरवला तर भोक आणि कुसू (भोकात बसणारं पट्टीचं टोक) एकमेकांसमोर येत नाहीत, पल्ला (दार-खिडकीची उघडणारी फळी) पीळ खातो.

दोन_सूत
मापाचा घोळ कोणी सांगत नाही. आयटीआयत मिलिमीटर, कारखान्यात सूत! १ इंचात ८ सूत, म्हणजे १ सूत = ३.१७५ मिमी. पोरं सरसकट ३ धरतात. फटीसाठी चालतं, उंचीला नाही. ७ फूट म्हणजे ६७२ सूत. ३ ने गुणलं तर २०१६ मिमी, खरे २१३४. जवळजवळ पाच इंच गायब. एका कामाला एकच टेप, हा नियम.

पाचर
+१ धारेला.
पल्ल्याचं: जाडी ३५ मिमी असेल तर कुसू १२, म्हणजे एक तृतीयांश. जाड ठेवलं की उभ्या पट्टीच्या भोकाच्या भिंती पातळ होतात, पाचर ठोकताना फाटतात. उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना २-२ इंच लांब ठेवा, ते शिंग सरस सुकल्यावर कापायचं. आधीच मापात कापून घेतल्या तर टोकाजवळचं भोक पाडताना चीर जाते ती जातेच.
खालची आडवी पट्टी ८ इंची असते, तिला एकच रुंद कुसू देऊ नका. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. रुंद कुसू आकसलं की पाचर सैल पडते. दोन कुसवं, मध्ये मोकळी जागा.

मीठमसाला
वाचतेय. कुकर लावून येते.

ढलपी
पॅनेलला (पट्ट्यांच्या मधल्या फळीला) सरस लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. पट्ट्यांतली खोबणी १२ मिमी खोल, पॅनेल दोन्हीकडे २-२ मिमी मोकळं. एप्रिलमध्ये कोरड्या लाकडाचं काम असेल तर आणखी थोडी जागा सोडा, जुलैत फुगणार आहे ते. घट्ट बसवलेलं किंवा चिकटवलेलं पॅनेल पावसात पट्ट्या ढकलतं, नाहीतर उन्हाळ्यात मधोमध तडकतं. आणि खोबणीत जाणाऱ्या कडांना पॉलिश आधीच, जोडणीपूर्वी. नाहीतर आकसल्यावर कोरी पांढरी रेघ दिसते.

गुण्या_गोविंद
चौकट गुण्यात आली की घर गुण्यागोविंदाने नांदतं :)
गुण्या फक्त कोपरा सांगतो. दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर लांब कर्णावर क्लॅम्प घालून ओढा, सरस ओला आहे तोवरच. नंतर तक्रार करून उपयोग नाही.

उंबरा
गोविंदराव, हा विनोद भाचीला सांगणार :D

वखारवाला
लाकूड घेतानाचं कोणीच लिहिलं नाही. ७ × ३ फुटी चौकट, लाकूड ५ × अडीच इंची, उंबरा नसलेली: ७+७+साडेतीन (वरच्या पट्टीची शिंगं धरून) = साडेसतरा फूट. गुणिले साडेबारा (५ × अडीच), भागिले १४४. दीड घनफूट. हे तयार माप, रंधणी आणि गाठी वेगळ्या धरा.
गोल ओंडका घेराच्या चौथाईने मोजतात (चौथाई गुणिले चौथाई गुणिले लांबी): ४ फूट घेर, १० फूट लांब = १० घनफूट. खऱ्या गोलाईचं १२.७ भरतं. मधला फरक कातरणीत आणि सालपट्टीत जातो, म्हणून रडू नये.
ओल्या फळ्या सावलीत, दर दोन फुटांवर आडवी रीप घालून रचा. रिपा एकाखाली एक एका ओळीत, नाहीतर फळ्या वाकतात. टोकांना रंग फासा, पाणी टोकांतूनच आधी पळतं आणि चिरा पडतात.

पाचर
साग बल्लारपूरचाच का? मार्च २०२३ मध्ये अयोध्येला राममंदिरासाठी गेला तो तिथूनच ना?

वखारवाला
हो, तिथूनच रवाना झाला. पण घराच्या चौकटीला तेवढा भारी कशाला, उगाच. कोकणात ऐन, किंजळ आहेच की.

मीठमसाला
आले. मशीनबद्दल लिहा रे कोणीतरी! गोल करवतीवर हातमोजे घालू नयेत, दात मोज्यासकट हात ओढतो. पात्याच्या मागे फाळ (फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी) हवाच. तो काढला की कापलेली फट मिटते, लाकूड पात्याला आवळतं आणि मागे उडतं. शेवटचा वीतभर दांडक्याने ढकला. फूटभराहून आखूड तुकडा थिकनेसमध्ये (जाडी सारखी करणाऱ्या रंधा मशीनमध्ये) नको.
बाकी भुशाचं काय करता? शेगडीला सागाचा चालतो का?

ढलपी
चालतो, धूर फार. प्लायचा मात्र बिलकूल नको, त्यात सरस असतो.

नवीन_सभासद
आमचा बाथरूमचा दरवाजा अडतोय, रंधा मारू का?

दोन_सूत
आत्ता नको, फुगलाय. दिवाळीनंतर बघा. बाजूंना आणि वर १ सूत, खाली २ सूत फट हवी. पल्ला उतरवून खालची कड बघा आधी, रंग नसणार तिथे. सगळं पाणी तिथूनच पितोय.

नवीन_सभासद
खरंच नाहीये रंग!! वरच्या कडेलाही नाही

मीठमसाला
हाहा, आमच्याकडेही बघते. शिट्टी झाली.