ड्रगस्टोअरमधली बचत : कूपनं, एक्स्ट्राबक्स, पॉइंट (तुमचे अनुभव लिहा)

बॅगभरणी, न्यू जर्सी

मंडळी, भारतवारीच्या बॅगा भरायला घेतल्या की आमच्याकडे हा विषय हमखास निघतो. कोणाला मल्टिव्हिटॅमिन हवं, कोणाला गुडघ्याला चोळायचं क्रीम, तर मावशींना ठरावीकच लोशन. हे सगळं सीव्हीएसमधून, म्हणजे औषधं आणि घरगुती वस्तूंच्या साखळी ड्रगस्टोअरमधून, छापील किमतीला आणणं परवडत नाही. दुकान कोपऱ्यावर आहे, रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, त्याचे पैसे ते बरोबर लावतात. पण त्याच फळीवरची तीच बाटली योग्य आठवड्यात निम्म्याने पडते. ज्यांना हे जमतं त्यांनी इथे लिहा, अमेरिकेबाहेरच्यांनीही. सुरुवात मी करते.

सीव्हीएसचं एक्स्ट्राकेअर हे सदस्य कार्ड फुकट असतं. साध्या खरेदीवर २ टक्के परत मिळतात, पण त्यात फारसा दम नाही. खरी मजा आठवड्याच्या ऑफरमध्ये, आणि हा आठवडा रविवारी सुरू होतो. समजा टूथपेस्ट ५ डॉलरला आहे आणि दोन घेतल्यावर ४ डॉलरचे एक्स्ट्राबक्स (पुढच्या खरेदीत पैशांसारखे चालणारे दुकानाचे कागद) मिळतात. पेपरातून कापलेली कंपनीची एकेक डॉलरची दोन कूपनं लावली की खिशातून गेले ८, आणि पावतीच्या शेपटीला ४ छापून आले. (ती पावती केवढी लांब येते ते इथल्यांना सांगायला नको.) ते ४ डॉलर पुढच्या आठवड्यात अशा साबणावर घालायचे, ज्याच्यावर पुन्हा एक्स्ट्राबक्स आहेत. एकदा चक्र सुरू झालं की गल्ल्यावर रोख फार कमी जाते.

एका वस्तूवर दुकानाचं एक आणि कंपनीचं एक कूपन चालतं. कंपनीची दोन चालत नाहीत, मग एक कागदी आणि एक अ‍ॅपमधलं असलं तरी. एक्स्ट्राबक्सना मुदत असते आणि सुटे परत मिळत नाहीत: ४ डॉलरचा कागद ३ डॉलरच्या वस्तूवर लावला तर वरचा डॉलर बुडाला. प्रिस्क्रिप्शनच्या औषधांवर ते चालत नाहीत. आणि न्यू जर्सीकरांनो, कंपनीचं कूपन लावलं तरी सेल्स टॅक्स मूळ किमतीवरच लागतो, कारण ते पैसे दुकानाला कंपनीकडून मिळतात. तेव्हा 'फुकट' मिळालेल्या शांपूलाही चार नाणी जवळ ठेवा.

हिवाळी आंबा, शिकागोजवळ

आमच्याकडे चारी दिशांना वॉलग्रीन्स ही दुसरी साखळी, त्यामुळे माझं सगळं तिथेच. २०२० मध्ये त्यांनी मायवॉलग्रीन्स ही सदस्य योजना आणली. एरवी १ टक्का परत, पण त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर ५. मला हा ५ टक्क्यांचाच भाग आवडतो, कारण ब्रँड सोडण्यातच मोठी बचत आहे. टायलेनॉल घ्या किंवा दुकानाचं असिटामिनोफेन (आपलं पॅरासिटामॉल) घ्या, मिलिग्रॅम सारखे असले तर काम तेच. ॲलर्जीवरच्या झर्टेकचं औषध म्हणजे आपलं सेटिरिझिन. डब्यावर 'ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट' वाचायची सवय लागली की निम्मी कूपनं लागतच नाहीत.

आईबाबा आले की महिन्याचा पहिला मंगळवार राखून ठेवते. ५५ च्या पुढच्यांना त्या दिवशी सवलत असते. बाबांना कार्ड स्वतः दाखवायला फार आवडतं. व्हिटॅमिनं मात्र 'एकावर एक' लागल्याशिवाय घ्यायची नाहीत. ही ऑफर वर्षात इतक्या वेळा येते की एका बाटलीची पूर्ण किंमत देण्यात अर्थ नाही. भारतात न्यायच्या बाटल्यांची एक्स्पायरी तेवढी बघा. ऑफरमधला माल कधीकधी जवळच्या तारखेचा असतो.

निवांत

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. रविवारची सकाळ कात्री घेऊन बसायचं, मग रांगेत मागचे दहा जण उसासे टाकत असताना गल्ल्यावरच्या पोराशी कूपनवरून वाद घालायचा, आणि वाचवायचे किती, तर सहा डॉलर? गराजमध्ये बाथरूमचं दुकान थाटलेलं असतं ते वेगळंच. मी जे लागतं ते कॉस्टको या सभासदांच्या घाऊक दुकानातून आणतो.

बॅगभरणी

निवांत, कात्री आता कमीच लागते, बरीचशी कूपनं अ‍ॅपवर एका टिचकीत कार्डाला चिकटतात. गराजबद्दलचं मात्र मान्य. माझा नियम असा की घरात दोन असतील तर तिसरी वस्तू फुकट मिळाली तरी नको. जास्तीचं टूथपेस्ट-साबण आमच्या गावच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत सामान देणाऱ्या केंद्रात, जातं. फूड स्टँपवर (सरकारी अन्नमदतीवर) साबण-टूथपेस्ट मिळत नाही, त्यामुळे तिथे या वस्तू हातोहात संपतात.

गोळीबंद

मी फार्मसिस्ट आहे, काउंटरच्या आतल्या बाजूचं लिहिते. सगळे टूथपेस्टवर बोलताय, पण मोठी रक्कम जाते ती प्रिस्क्रिप्शनमध्ये.

पहिली गोष्ट, आम्हाला विचारा. "इन्शुरन्सशिवाय कितीला पडेल?" एवढंच. पूर्वी काही करारांमुळे फार्मसिस्टला ग्राहकाला सांगता येत नसे की रोखीने हे औषध तुमच्या को-पेपेक्षा (इन्शुरन्स असूनही तुम्ही भरायच्या वाट्यापेक्षा) स्वस्त आहे. २०१८ मध्ये कायद्याने ती तोंडबंदी गेली. तरीही लोक विचारत नाहीत, आणि रांग मोठी असेल तर आम्हालाही प्रत्येकाला आपणहून सांगणं जमत नाही.

दुसरी, गुडआरएक्ससारखी औषधांवरची सवलतीची कूपनं, फोनवर मिळणारी. एका औषधावर इन्शुरन्स आणि हे कूपन एकत्र लागत नाही, दोन्हींतलं स्वस्त ते निवडायचं. एकाच गावातल्या दोन दुकानांत त्याच कूपनची किंमत वेगळी निघते, म्हणून डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन पाठवण्याआधी फोनवर बघून घ्या. यात एक मेख आहे. कूपनने भरलेले पैसे बहुधा डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी वर्षात आपण भरायच्या रकमेत) धरले जात नाहीत. मार्चमध्ये डिडक्टिबल भरायचं बाकी असेल आणि वर्षभरात मोठा खर्च दिसत असेल, तर हिशोब उलटा करावा लागतो: कूपन सोडून इन्शुरन्सनेच घ्यावं का, ते बघायचं.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या गोळ्या संपल्या की घरात धावपळ उडते. मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या साध्या जेनेरिक गोळ्या यांचं प्रिस्क्रिप्शन इथल्या डॉक्टरकडून मिळालं की वॉलमार्टच्या स्वस्त औषधांच्या यादीत बघा. ही ४ डॉलरची योजना २००६ पासून आहे: ३० दिवसांच्या गोळ्या ४ डॉलर, ९० दिवसांच्या १०. कॉस्टकोच्या फार्मसीला प्रिस्क्रिप्शनसाठी मेंबरशिप लागत नाही (निवांत, तुमचं दुकान कामी आलं). महागडं जेनेरिक असेल तर उद्योगपती मार्क क्यूबनच्या कॉस्ट प्लस ड्रग्ज या ऑनलाइन फार्मसीचा भाव पाहा. २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हाचं तिचं गणित उघड होतं: खरेदीची किंमत, वर १५ टक्के, आणि फार्मसीचा व पाठवणीचा खर्च.

एक विनंती. दोन-चार डॉलरसाठी पाच दुकानांत पाच औषधं विखरू नका. दोन औषधांचं आपसात जमत नसेल तर ते आमच्या संगणकावर दिसतं, पण दुसरं औषध भलत्याच साखळीतून घेतलं असेल तर कळणार कसं? आणि विखुरलंच, तर संपूर्ण यादी प्रत्येक ठिकाणी सांगा.

मेपलकाठी, टोरंटो

इथे शॉपर्स ड्रग मार्ट ही ड्रगस्टोअरची साखळी. २०१८ मध्ये त्यांचे पॉइंट आणि लोब्लॉज या किराणा साखळीचे पॉइंट एक होऊन पीसी ऑप्टिमम झालं. डॉलरला १५ पॉइंट, आणि १०,००० पॉइंट म्हणजे १० डॉलर. म्हणजे एरवी दीड टक्का. पण '२० पट' पॉइंटचा दिवस आला की तोच परतावा ३० टक्क्यांवर जातो. आमची सनस्क्रीन, डायपर, फेसवॉश ही खरेदी त्याच दिवशी होते. मधल्या काळात संपलंच तर लहान पाकीट. हेच पॉइंट लोब्लॉजच्या किराणा दुकानांतही चालतात, त्यामुळे ड्रगस्टोअरमधली कमाई आमच्याकडे कांदे-बटाट्यात जिरते.

तळ्याकाठी, रेडिंग

इंग्लंडमधल्या बूट्स या औषध-दुकानांच्या साखळीचं अ‍ॅडव्हांटेज कार्ड १९९७ पासून आहे. २०२३ मध्ये त्यांनी पौंडाला ४ ऐवजी ३ पॉइंट केले आणि बदल्यात कार्डवाल्यांना त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर १० टक्के सूट दिली. आयब्युप्रोफेन ब्रँडचं घेणं तर इथे निव्वळ उधळपट्टी.

नव्याने आलेल्यांना एकच सांगेन: प्रीपेमेंट सर्टिफिकेट, म्हणजे प्रिस्क्रिप्शनच्या औषधांचे वर्षाचे पैसे ठरावीक रकमेत आधीच भरायची सोय. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये प्रत्येक औषधाला ९.९० पौंड लागतात. वर्षाचं सर्टिफिकेट ११४.५० पौंडांचं. वर्षात १२ किंवा जास्त औषधं लागणार असतील तर ते वसूल होतं, आणि हप्त्यांनी भरता येतं. थायरॉइड किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याआधी मोफत प्रिस्क्रिप्शनचा दाखला मागा, त्यांना पैसेच लागत नाहीत. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नव्हतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून हसावं, त्यांना सगळंच मोफत.

पेठेतला

तुमची कूपनं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे पद्धत सोपी: "काका, किती टक्के?" एवढं विचारायचं. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर एमआरपीवर दहा टक्के सुटतातच, अ‍ॅपवाले त्याहून जास्त दाखवतात. पण आईच्या रोजच्या गोळ्या आता जन औषधी केंद्रातून येतात. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, तेवढं पुरलं.

चकलीदार, डॅलस

डिसेंबर जवळ आला की एफएसए (औषधपाण्यासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवलेले पैसे, मुदतीत न वापरले तर बुडतात) तपासा. मार्च २०२० च्या केअर्स ॲक्टनंतर तापाच्या, ॲलर्जीच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यात बसतात. पैसे बुडण्यापेक्षा औषधाचं कपाट भरलेलं बरं. एक्स्ट्राबक्सही लावायचे आणि उरलेलं बिल एफएसएच्या कार्डावर. आणि पॉइंट साठवून ठेवू नका. राइट एड या ड्रगस्टोअर साखळीची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, दुकान गेलं की पॉइंट कोणाकडे मागणार?

नवीन पाटी

छान माहिती. शंका: आमच्या टार्गेटमध्ये (सगळ्या वस्तूंचं मोठं दुकान) आत सीव्हीएसची फार्मसी आहे. तिथे एक्स्ट्राबक्स वापरता येतात का?

बॅगभरणी

नाही. टार्गेटने आपल्या फार्मसी २०१५ मध्ये सीव्हीएसला विकल्या, पण बाकीचं दुकान टार्गेटचंच आहे. एक्स्ट्राबक्स वापरायला सीव्हीएसच्या स्वतंत्र दुकानातच जावं लागतं. टार्गेटचं, सर्कल नावाची सवलत योजना असलेलं अ‍ॅप मात्र त्या बाकीच्या दुकानात लावा, त्यातही शांपू-डायपरच्या ऑफर असतात.