लुआंग प्रबांग: पाक ऊ गुहा आणि क्वांग सी धबधबा एकाच दिवसात?

प्राजक्ता_नाशिक
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लाओसला जातोय, लुआंग प्रबांगला तीन रात्री. सोबत आई-बाबा आहेत (66 आणि 71, आईचे गुडघे दुखतात). हॉटेलवाला एक गाइडेड टूर सुचवतोय: सकाळी मेकाँगमधून बोटीने पाक ऊ गुहा, वाटेत एक गाव, परत येऊन जेवण, दुपारी क्वांग सी धबधबा. आईला झेपेल का? पैसे भरण्याआधी काय विचारून घ्यावं? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

नदीकाठ
झेपेल, पण धबधब्याची वाट लागते. गणित असं आहे. गुहा शहरापासून साधारण 25 किमी वर, म्हणजे जाताना प्रवाहाविरुद्ध. लांबोडक्या लाकडी बोटीला दीड ते दोन तास लागतात, येताना तासभर ते सव्वा तास. साडेआठला निघून गाव आणि गुहा करून परत धक्क्याला यायला एक वाजतो. जेवून निघालात तर क्वांग सीला (30 किमी, पाऊण ते एक तास) तीनच्या आसपास पोहोचाल. डिसेंबरात ऊन लवकर उतरतं, डोहांवर सावली येते आणि पाणी आधीच गार असतं. पोहायचं असेल तर त्या वेळी मजा नाही. तीन रात्री आहेत ना? मग दोन सकाळी वेगळ्या ठेवा.

आईंसाठी खरा प्रश्न पायऱ्यांचा. शहरातल्या घाटाच्या पायऱ्या उभ्या आहेत, तिथूनच सुरुवात. पाक ऊला दोन गुहा. खालची, थाम तिंग, नदीच्या अगदी वर. धक्क्यापासून थोड्याच पायऱ्या, आत उजेड असतो. वरची थाम थेंग, तिला दोनशेवर पायऱ्या आणि आत मिट्ट काळोख, टॉर्च लागतेच. आईंना खालच्या गुहेत बसवून बाकीच्यांनी वर जावं. मूर्तींची गर्दी खालीच आहे, त्यामुळे त्यांचं फार काही चुकणार नाही. भंगलेल्या, जुन्या झालेल्या बुद्धमूर्ती टाकून न देता लोक पिढ्यानपिढ्या इथे आणून ठेवत आले, म्हणून त्या हजारोंनी आहेत. 1975 ला राजेशाही संपेपर्यंत राजाही नववर्षाला इथे येत असे. गाइड हे सांगतो की नुसता "फोटो, फोटो" करतो, यावर टूरची किंमत ठरवा.

विचारायचे प्रश्न: बोट खासगी की शेअर्ड? गुहेचं आणि धबधब्याचं तिकीट धरलंय का? (बहुतेकदा नसतं.) लाइफ जॅकेट आहेत का? गाइड बोटीतून सोबत येतो की गुहेपाशी भेटतो? आणि गावात किती वेळ थांबणार?

शेवटची_एसटी
नदीकाठ यांच्याशी एका बाबतीत असहमत. गुडघे दुखत असतील तर दोन्ही बाजूंनी बोट कशाला? जाऊन-येऊन तीनेक तास लाकडी बाकावर बसून पाय आखडतात. रस्त्याने बान पाक ऊ गावापर्यंत गाडीने जा, समोरच गुहा आहे. छोट्या होडीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे. मग येताना बोटीने या: प्रवाहासोबत, कमी वेळ. तशी एका बाजूची बोट आधी ठरवून घ्यावी लागते.

'व्हिस्की व्हिलेज' म्हणून नेतात ते बान सांग हाय. तांदळाची दारू गाळतात, बाकी विणलेल्या शालींची दुकानं. वीस मिनिटं पुरे. साप-विंचू घातलेल्या बाटल्या अजिबात घेऊ नका, कस्टममध्ये अडकाल.

प्राजक्ता_नाशिक
जाताना गाडी, येताना बोट, हे पटलं. क्वांग सीला आईला किती चालावं लागेल?

नदीकाठ
खालच्या डोहांपर्यंत वाट सोपी आहे. गेटपासून आत बॅटरीवरच्या गाड्या नेतात, मग अस्वलांच्या बचाव केंद्रावरून सावलीतली पायवाट. मुख्य धारेपर्यंत हळूहळू चढ. धारेच्या माथ्यावर जाणारी वाट मात्र उभी आणि निसरडी, ती टाळा. निळसर-हिरवा रंग चुनखडीमुळे. जोरदार पावसात गाळ येऊन पाणी तपकिरी होतं, डिसेंबरात ती भीती नाही. टूरवाल्याने क्वांग सीऐवजी ताड से सुचवला तर नाही म्हणा, पावसाळा संपला की तिथलं पाणी आटत जातं. सकाळी गेट उघडताच पोहोचा; दहानंतर टूरच्या गाड्यांची रांग लागते.

चटणी_पोळी
खाण्याबद्दल: 'शाकाहारी' म्हणून दिलेल्या भाजीत माशाचा रस हमखास असतो, विशेषतः पपईच्या सॅलडमध्ये. "किन जे" (शाकाहारी खातो) आणि "बो साय नाम पा" (माशाचा रस घालू नका) हे दोन्ही लाओ लिपीत लिहून घ्या आणि फोन दाखवा. टूरमधल्या जेवणासाठी आदल्या संध्याकाळी कळवा, सकाळी सांगून उपयोग नाही. चिकट भात (खाओ निआओ) कुठेही मिळतो, सोबत घरची चटणी आणि शेंगदाणे न्या.

आणि डिसेंबरच्या सकाळी नदीवर धुकं असतं, बोटीत वारा लागतो. आईंना स्वेटर, कानटोपी आणि बाकावर टाकायला घडी केलेली शाल. इंजिन मागे असतं, त्यामुळे बसायला पुढची जागा मागा. गुहेत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.