दुबईत चरस सापडल्याच्या आरोपात अडकलेल्या भाच्यासाठी नाशिकमधून काय करता येईल? सल्ला हवा आहे

मृणालिनी_इंदिरानगर

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला आणि तेथे उतरताच विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेतले. त्याच्याजवळच्या दुसऱ्या बॅगेच्या अस्तराखाली चरस सापडला, एवढेच त्याच्या एकुलत्या एक फोनवरून आम्हाला समजले. ती बॅग त्याची नाही. सिडकोत राहणाऱ्या ज्या ओळखीच्या माणसाने ही नोकरी मिळवून दिली, त्यानेच निघण्याच्या आदल्या रात्री 'माझ्या भावाचे कपडे आहेत, तेवढे पोहोचव' असे सांगून ती घरी आणून दिली आणि भाच्याने भिडेपोटी ती घेतली. मुलगा आयटीआय झालेला आहे, सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर होता आणि पोलीस ठाण्याची पायरी त्याने कधी चढलेली नाही.

बहीण आणि मेहुणे पूर्ण खचले आहेत, म्हणून मी विचारते आहे. वकील नाशिकचा करावा की तिकडचा? आमच्यापैकी कोणी तातडीने दुबईला जावे का? भारतीय दूतावास अशा प्रकरणात खरोखर काही करतो का? कालपासून एक गृहस्थ फोन करून सांगत आहेत की कागद न्यायालयात जाण्याआधी पैसे भरले तर मुलगा सुटेल, आणि त्यासाठी मेहुणे घर गहाण ठेवायला निघाले आहेत. आणखी एक काळजी आहे. बहिणीने मुलाच्या स्वतःच्या बॅगेत अनारसे, खसखशीची पुडी आणि पाठदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्याने प्रकरण आणखी वाढेल का?

वकील_जुना_आग्रा_रोड

मृणालिनीताई, मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. सर्वांत आधी मेहुण्यांना थांबवा. त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. अमिरातीत खटला भरायचा की नाही हे तेथील सरकारी अभियोग विभाग ठरवतो, बाहेरच्या माणसाला पैसे देऊन ते बदलत नाही, आणि लाच देऊ पाहणे हा तिकडे स्वतंत्र गुन्हा असल्यामुळे त्याचा भार तुमच्या भाच्याच्याच डोक्यावर येऊ शकतो. फोन करणाऱ्याचा क्रमांक, वेळ आणि बोललेले शब्द मात्र लिहून ठेवा. त्याला अटकेची बातमी कोणाकडून कळली, हा प्रश्न तपासात महत्त्वाचा ठरेल.

दूतावासाबद्दल अपेक्षा नेमकी ठेवावी, कारण ती अवास्तव ठेवली की निराशा होते आणि अजिबात ठेवली नाही तर मिळणारी मदतही हातची जाते. 1963च्या व्हिएन्ना करारातील कलम 36 नुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवावे लागते, आणि तेथील अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा व त्याच्यासाठी वकिलाची सोय करण्याचा अधिकार असतो. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानविरुद्ध निर्णय दिला तो याच कलमावर. मात्र दूतावासाचा अधिकारी न्यायालयात बाजू मांडू शकत नाही, आरोप मागे घ्यायला लावू शकत नाही आणि तुमच्यासाठी पुरावाही गोळा करत नाही. दुबईचे प्रकरण तेथील भारतीय महावाणिज्य दूतावासाकडे जाते, अबुधाबीतील राजदूतावासाकडे नाही. परराष्ट्र मंत्रालयाने 2015मध्ये सुरू केलेल्या 'मदद' पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा, पारपत्राची प्रत जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर चालेल. समक्ष जायचे असेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात परराष्ट्र मंत्रालयाचे विदेश भवन आहे. सकाळच्या पंचवटीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. आर्थिक स्थिती खरोखर बेताची असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळावी असा अर्जही दूतावासाकडे करता येतो.

आता वकिलाविषयी. खटला तिकडच्या न्यायालयात, अरबी भाषेत आणि तिकडच्या कायद्याने चालणार, त्यामुळे तेथे बाजू मांडण्याचा परवाना असलेला वकीलच लागेल. माझ्यासारखा नाशिकचा वकील तेथे उभाही राहू शकत नाही, आणि तुमच्याकडून तसे शुल्क मागणारा कोणी भेटला तर त्याला दूर ठेवा. दूतावासाकडे वकिलांची यादी असते, ती मागून घ्या. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्यात आरोपीला वकील नसेल तर अमिरातीचे न्यायालय स्वतः वकील नेमते; त्यामुळे पैसे नाहीत म्हणून मुलगा वकिलाविना राहील ही भीती बाळगू नका. शुल्क ठरवताना प्रथम न्यायालय, अपील आणि त्यावरचे न्यायालय या तिन्ही टप्प्यांचे वेगवेगळे लेखी ठरवून घ्या. अपिलाची मुदत दिवसांत मोजावी इतकी कमी असते, म्हणून निकालाच्या दिवशी वकील हाताशी असलाच पाहिजे.

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मात्र याच्या पुढचे. खटला दुबईत चालेल, पण तुमच्या भाच्याला वाचवू शकणारा पुरावा नाशिकमध्ये आहे, आणि तो दिवसागणिक नाहीसा होतो आहे. अंमली पदार्थांच्या कायद्यांत बहुतेक देशांनी सिद्धतेचा भार आरोपीकडे सरकवला आहे. सिंगापूरच्या कायद्यात ज्याच्या ताब्यात बॅग, त्याच्याच ताब्यात आतला पदार्थ आणि त्याला त्याची जाणीवही होती, असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. आपला 1985चा अंमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदाही याला अपवाद नाही, त्याची कलमे 35 आणि 54 वाचली की हे लक्षात येते. म्हणून 'मला माहीत नव्हते' हे वाक्य एकट्याने कोठेही पुरत नाही. त्या वाक्यामागे कागद उभा करावा लागतो.

मुंबईच्या एका जोडप्याचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. 2019मध्ये नातेवाईक महिलेने दोघांना मधुचंद्राची भेट म्हणून कतारला पाठवले आणि सोबत एक पुडा दिला. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात सुमारे 4 किलो चरस सापडला आणि दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. तिचे बाळंतपण कैदेतच झाले. चित्र पालटले ते इकडे मुंबईत. कुटुंबाने येथे तक्रार केली, एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाने, तपास करून त्यांना फसवणाऱ्यांचा माग काढला, ती माहिती सरकारी मार्गाने कतारला पोहोचली, आणि 2021मध्ये दोघेही निर्दोष सुटून घरी आले. त्या कुटुंबाने हे सारे केले नसते तर दोहातल्या न्यायालयाला त्यांच्या बोलण्याखेरीज दुसरा आधार मिळाला नसता.

तुम्हीही तसेच करा. त्या माणसाने बॅग आणून दिली तेव्हा घरात कोण होते, शेजारच्या इमारतीचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा त्या बाजूला आहे का, त्याचे चित्रण अजून पुसले गेले नाही ना, हे आज संध्याकाळपर्यंत पाहा. चित्रण मूळ यंत्रातून घेतल्याचे साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र दुकानदाराकडून घ्यावे लागते. त्याचा मसुदा मी विनामूल्य देईन. भाच्याचा जुना फोन घरी असेल तर तो कोणीही हाताळू नये. बहिणीच्या फोनवरचे त्या माणसाचे संदेश, विमान तिकिटाचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले त्याची नोंद, नोकरीचे पत्र, व्हिसाची प्रत, हे सगळे एकत्र करा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला 1983च्या कायद्यानुसार नोंदणी लागते आणि ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची नावे पाहता येतात. त्याचे नाव तेथे नसेल तर तोही त्याच्याविरुद्धचा एक मुद्दा आहे.

शारजातून_परतलेला

वकीलसाहेबांनी लिहिले त्यात भाषेची बाजू जोडतो. मी अनेक वर्षे शारजात बांधकाम कंपनीत होतो आणि आमच्या कॅम्पवरच्या मुलांसाठी दुभाष्या म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे. तिकडे पोलिसांकडून प्रकरण सरकारी अभियोग विभागाकडे जाते, त्याला सगळे नियाबा म्हणतात, आणि तेथे होणारा जबाब अरबीत लिहिला जातो. आपली मुले दमलेली व घाबरलेली असतात आणि समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळी होतात. पुढे न्यायालय तोच कागद वाचते. त्यामुळे दूतावासाच्या अधिकाऱ्यामार्फत किंवा वकिलामार्फत त्याला एवढे कळवा की दुभाष्या मागायला संकोच करू नये, दुभाष्याने जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये, आणि बॅग कोणी, कोठे, कोणासमोर दिली हे पहिल्या जबाबापासून एकसारखे सांगावे. मराठी दुभाष्या मिळणे अवघड आहे, हिंदीचा मिळतो. अबुधाबीच्या न्यायालयांनी 2019मध्ये हिंदीला स्थान दिल्याची बातमी वाचून काही जण निर्धास्त राहतात, पण ती सोय कामगारांच्या दाव्यांसाठी होती.

कोणी जावे का, तर लगेच नको. तेथे पोहोचलात म्हणून भेट मिळेलच असे नसते आणि हॉटेलचा खर्च वकिलाच्या शुल्कातून जातो. भेटीची परवानगी आल्यावर एकाने जावे, शक्यतो ज्याला हिंदी-इंग्रजी नीट बोलता येते त्याने. जाताना मुलासाठी घरून खाण्यापिण्याचे किंवा औषधाचे काहीही नेऊ नये.

औषधविक्रेता_द्वारका

ताई, खसखस आणि गोळ्यांबद्दल लिहितो. खसखस आपल्याकडे अनारशाला लागते, पण अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही देशांत ती नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. त्या पुडीचा उल्लेख तपासात आला तर ती आईने स्वयंपाकासाठी दिली होती हे सरळ सांगावे आणि अनारसेही त्याच बॅगेत होते याकडे वकिलाने लक्ष वेधावे.

गोळ्यांचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. पाठदुखीसाठी ट्रॅमाडोल किंवा प्रीगॅबालिन दिलेले असेल तर ती दोन्ही औषधे तिकडे नियंत्रित आहेत आणि नेण्यापूर्वी तेथील आरोग्य खात्याची परवानगी लागते. ट्रॅमाडोल तर 2018पासून आपल्याकडेही एनडीपीएसखाली आहे. भाच्याची लघवी तपासली जाईल, आणि औषधाचा अंश आढळला तर त्याचे कारण कागदावर असले पाहिजे. म्हणून डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, दुकानाचे बिल, आणि त्यांच्या लेटरहेडवर आजार, औषधाचे रासायनिक नाव व मात्रा लिहिलेले पत्र आजच घ्या. दुकानदाराने बिल दिले नसेल तरी त्याच्या नोंदवहीत चिठ्ठीची नोंद असायला हवी, तिची प्रत मागा.

मृणालिनी_इंदिरानगर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्यांनी गहाणाचा विचार सोडला आहे आणि 'मदद'वर तक्रार नोंदवली आहे. गोळ्या ट्रॅमाडोलच्याच निघाल्या. डॉक्टर पत्र देत आहेत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने चित्रण राखून ठेवले आहे, त्यात तो माणूस बॅग घेऊन जिन्याकडे जाताना दिसतो. आता मेहुण्यांचे भाऊ म्हणतात की त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्याकडून कबुली घ्यावी आणि ती मोबाइलवर टिपावी. हे करावे का? आणि येथे पोलिसांत तक्रार दिली तर भाच्यावर इकडेही गुन्हा दाखल होईल, अशी भीती एका नातेवाइकाने घातली आहे.

वकील_जुना_आग्रा_रोड

त्याच्या घरी कोणीही जाऊ नये. तो सावध होईल, फोन नष्ट करेल आणि नाशिक सोडेल. शिवाय धमकावून घेतलेली कबुली म्हणून तो उलट तुमच्यावरच तक्रार करेल.

नातेवाइकांची भीती पूर्णपणे निराधार नाही, आणि ती तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. बॅग नाशिकमधून मुंबई विमानतळामार्गे देशाबाहेर गेली, म्हणजे अंमली पदार्थाची निर्यात हा आपल्या कायद्याखालीही गुन्हा आहे, आणि तपासात भाच्याचे नाव येणारच. ते आरोपी म्हणून येते की फसवला गेलेला माणूस म्हणून, हे तक्रार कशी लिहिली आहे आणि तिच्यासोबत काय जोडले आहे यावर बरेच अवलंबून असते. म्हणून तक्रार तोंडी देऊ नका. मेहुण्यांच्या नावाने, तारीखवार, चित्रण आणि संदेशांसह लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या, आणि तिची प्रत पोलीस आयुक्तालयाच्या अंमली पदार्थ विरोधी पथकाला व एनसीबीच्या मुंबई कार्यालयाला पोच घेऊन द्या. 2023मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या अंमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आला, तेव्हापासून असा कागद येथे सहसा बाजूला पडत नाही. पोलिसांनी तरीही नोंद घेतली नाही तर वरिष्ठांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेत आहे. मेहुण्यांना वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर तेथे विनामूल्य वकील मिळेल.

प्राथमिक माहिती अहवालाची प्रत हातात आली की ती दुबईतल्या वकिलाला तशीच पाठवू नका. अमिरातीसाठी नुसती अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचे एकाच शिक्क्याचे साक्षांकन, चालत नाही. नोटरी, मग राज्य शासनाचे साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी अमिरातीचा दूतावास, असा क्रम लावावा लागतो, आणि नंतर तेथील परवानाधारक अनुवादकाकडून अरबी भाषांतर होते. याला वेळ लागतो, म्हणून साध्या स्कॅन प्रती वकिलाला आधी मेलने पाठवून ठेवा, म्हणजे साक्षांकित कागद येईपर्यंत त्यांना न्यायालयाकडून मुदत मागता येईल. शिक्षा झालीच तर भारत आणि अमिराती यांच्यातल्या 2011च्या कैदी हस्तांतरण कराराखाली उरलेली शिक्षा भारतात भोगण्याचा अर्ज करता येतो. पण तो निकाल अंतिम झाल्यावरचा विषय आहे. सध्या त्याचा विचार करू नका. उद्या सकाळी 11 वाजता दुकानदाराला सोबत घेऊन न्यायालयाच्या आवारात या, प्रमाणपत्राचा मसुदा तयार ठेवतो.